पाणी आलं, मग मासे का सोडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शेतजमिनीचं पुन्हा पाणथळ केलं की काठावर येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि "थांबा" म्हटलं की ती टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नाही. पाणी दिसतं, त्याखालची माती दिसत नाही.

वर्षानुवर्षं टाकलेल्या खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीतल्या लोहाला धरून असतं. जमीन बुडाली की तळाचा प्राणवायू संपतो, लोह पकड सोडतं आणि स्फुरद पाण्यात उतरतं. त्यावर हिरवं शेवाळ माजतं. ते खाणाऱ्या पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव, तेवढ्याच आपल्या बाजूच्या. त्यांची अंडी कोरड्या मातीतही कित्येक दशकं टिकतात, म्हणून काही ठिकाणी त्या आपोआप उठतात. अशा वेळी मासे सोडले की ते आधी त्यांनाच फस्त करतात. कार्प असेल तर तळ उकरून पाणी आणखी गढूळ करतो. ऊन तळापर्यंत जात नाही, पाणवनस्पती रुजत नाहीत, आणि मग वर्षं जातात.

पाणभुंगे, चतुर उडत येतात, पहिल्याच हंगामात. गोगलगायी, शिंपले मात्र पाण्याच्या वाटेनंच येतात. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, त्यामुळे शिंपले माशांच्याही मागून येतात. म्हणजे मासे हवेतच, पण पाणवनस्पतींनी तळ धरल्यावर.

एवढ्यानं पटत नसेल तर फ्लोरिडातलं अपॉप्का सरोवर बघा. उत्तर काठावर बांध घालून भाजीपाल्याची शेती केलेली होती. ती जमीन विकत घेऊन १९९८ मध्ये तिच्यात पाणी सोडलं. उथळ पाण्यात मासे झाले, माशांमागे पक्ष्यांचे थवे उतरले. ज्याला यश म्हणतात ते अगदी असंच दिसतं. त्याच हिवाळ्यात पक्षी मरू लागले. १९९९ च्या वसंतापर्यंत सहाशेहून जास्त मेले, सर्वाधिक पांढरे पेलिकन, शिवाय बगळे आणि करकोचे. काळ्या सेंद्रिय मातीत टॉक्साफीन, डिल्ड्रिन आणि डीडीटी या जुन्या कीटकनाशकांचे अंश घट्ट बसलेले होते. डीडीटीवर तिथे १९७२ सालीच बंदी आलेली, तरीही. मातीतून ते माशांच्या चरबीत गेले आणि माशांतून पक्ष्यांत साठत गेले. मातीची तपासणी आधी झालेली होती. विष माशांत किती साठेल, हा अंदाज कमी पडला. पुढे सुमारे ४,००० एकरांवर प्रचंड नांगर चालवून वरचा थर खाली गाडावा लागला.

म्हणून क्रम असा: माती तपासा, स्फुरदासाठी आणि जुन्या कीटकनाशकांसाठीही. जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप शोधून तोडा, तिथे चिकणमाती ठासा, नाहीतर पाणी खालून निघून जातं. काठाला दहास एक किंवा त्याहून सौम्य उतार द्या. काही भाग उन्हाळ्यात आटेल असा ठेवा. तिथे मासे टिकत नाहीत, म्हणून बेडकांची पिल्लं टिकतात.

स्फुरद फार असेल तर वरची २०-३० सेंटिमीटर माती काढावी, असं मी पूर्वी ठामपणे सांगायचो. पाणी लवकर स्वच्छ होतं, हे आजही खरं आहे. पण त्याच मातीत पाणवनस्पतींचं उरलंसुरलं बी आणि पाणपिसवांची अंडी असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, पुन्हा उभ्या केलेल्या ६२१ पाणथळींच्या एकत्रित अभ्यासात शंभर वर्षांनंतरही सजीवांची घडण नैसर्गिक पाणथळींपेक्षा सरासरी २६ टक्के उणी दिसली. एवढी तूट उरत असताना असलेलं बी उचलून टाकायला हात धजत नाही; आणि ठेवलं, तर शेवाळ समोर असतंच.