मध्यरात्रीच्या उन्हात इलुलिसात

रात्री बारा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या आम्हां इंदूरकरांना जागरणाचे अप्रूप नाही; परंतु जूनमध्ये ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील इलुलिसात येथे त्याच वेळी लख्ख ऊन पडलेले पाहून आमच्या सौभाग्यवती पुन्हा पुन्हा घड्याळ तपासत होत्या. गावाच्या नावाचा अर्थच ‘हिमनग’. सेर्मेक कुयाल्लेक या हिमनदीपासून तुटलेले हे पांढरे डोंगर फ्योर्डच्या, म्हणजे कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, मुखाशी उथळ तळाला टेकून अडकून राहतात आणि एखादा दुभंगला की तोफ डागल्यासारखा आवाज होतो. २००४ मध्ये हा फ्योर्ड जागतिक वारसा ठरला. ध्रुवप्रदेशाचे संशोधक क्नुड रासमुसेन १८७९ मध्ये येथेच जन्मले. गावाबाहेर साखळीला बांधलेले स्लेज ही बर्फावरची घसरगाडी ओढणारे कुत्रे मात्र बर्फाअभावी बेकार बसून केकाटत होते. वाळवलेला हॅलिबट मासा मी चाखला. आमच्या इंदुरी जिरावण मसाल्याची पुडी सोबत न्यायला हवी होती.