ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

आज पुतणीला घेऊन कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तिला सध्या देशांचे झेंडे पाठ करायचा नाद लागलाय. ग्रीसचा झेंडा निळा-पांढरा हे तिला तोंडपाठ. म्हणून तिला मुद्दाम पोसायडनसमोर उभं केलं. ग्रीकांचा समुद्रदेव. कांस्याची मूर्ती, वीतभरही उंच नाही, पण उभं राहण्याचा रुबाब बघत राहावा असा.

"काका, हा इथं कसा आला?"

हा आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला. पंचगंगेच्या काठी. 1945-46 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्तीच उजेडात आली. रोमन जहाजं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागायची. तिथून माल घाट चढून वर यायचा. बैलाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी गाठोड्यात हा देव असेल, असं मला आपलं वाटतं.

आणि उलटंही झालंय बरं का! इटलीत पाँपेई शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं 1938 मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनलाही मिळाल्यात. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

परत येताना पोरगी म्हणाली, "ब्रह्मपुरी दाखव." घाटावर गेलो. अंधार पडेपर्यंत ती टेकडीकडंच बघत होती.