पडदा काळा पडतो तेव्हा चित्र नेमके कुठे अडते

दिवाळीच्या सुट्टीत, खानापूर तालुक्यात भाताची सुगी ऐन भरात असताना, माझ्या भाच्याचा रात्री नऊच्या सुमारास फोन आला. त्याचे गाव जांबोटीच्या बाजूला आहे आणि घरात रेंज मिळत नसल्यामुळे तो लॅपटॉप घेऊन पडवीत येऊन बसला होता. "आत्या, पंखा फिरायलाय, बटणाचा लाइट पेटायलाय, पण स्क्रीनवर काहीच दिसंना झालंय," असे तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ऐकून मी हातातले काम बाजूला ठेवले, कारण त्या यंत्रात त्याच्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा संपूर्ण प्रकल्प होता.

घडले होते ते असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली. भाच्याचा लॅपटॉप वापरलेला, जुन्या पिढीच्या प्रोसेसरचा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नव्हते. म्हणून त्याने विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवण्याचा निर्णय घेतला होता, आणि तो निर्णय योग्यच होता. पेन ड्राइव्हवरून चाचणीसाठी सुरू केलेले मिंट व्यवस्थित दिसले, इन्स्टॉलेशन तक्रार न करता पूर्ण झाले, आणि पहिल्या रीस्टार्टला मिंटचे नाव निवडताच पडदा काळा पडला तो तसाच राहिला. ओळखीच्या एकाने त्याला सांगितले होते की आता सगळी डिस्क फॉरमॅट करून नव्याने सुरुवात करावी लागेल. त्या सल्ल्यामुळेच मी हे सविस्तर लिहीत आहे. अशा प्रसंगी डिस्कला हात लावण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. बिघाड चित्राचा असतो, साठवलेल्या मजकुराचा नसतो.

बेळगावातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि या अनुभवातून लागलेली सवय म्हणजे "स्क्रीन का दिसत नाही" असे न विचारता "चित्र कुठपर्यंत दिसले" असे विचारणे. लॅपटॉप सुरू झाल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत पडद्याचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो. आरंभी तो मदरबोर्डवरील फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमकडे असतो आणि तेव्हा कंपनीचे चिन्ह दिसते; पुढे ग्रब या प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमकडे येतो आणि कोणती प्रणाली सुरू करायची ती यादी दिसते; मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, ग्राफिक चिपशी स्वतः बोलू लागतो आणि पडद्याचे रिझोल्यूशन ठरवतो; त्यानंतर लॉगिनचा पडदा आणि शेवटी डेस्कटॉप. भाच्याला कंपनीचे चिन्ह दिसत होते आणि ग्रबची यादीही दिसत होती. म्हणजे पॅनेल, त्याची केबल आणि मागचा दिवा धडधाकट होते, आणि ताबा निसटत होता तो ग्रबकडून कर्नेलकडे जाताना.

तरीही मी त्याला दोन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. काळ्या पडद्यासमोर कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा पेटतो व विझतो का ते पाहा, असे मी म्हटले; दिवा पेटत होता, म्हणजे प्रणाली गोठलेली नव्हती. मग मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरपी धरून अंधुकशी अक्षरे दिसतात का ते पाहायला सांगितले. चित्र येत असूनही मागचा प्रकाश बंद असेल, तर टॉर्चच्या उजेडात लॉगिनची चौकट पुसटशी दिसते, आणि मग उपाय सर्वस्वी वेगळा असतो. त्याला काहीच दिसले नाही. म्हणजे चित्रच तयार होत नव्हते.

आता कारण. लिनक्सच्या गाभ्याने स्वतःच पडद्याचा मोड ठरवण्याची पद्धत इंटेलच्या चिपसाठी २००९ मध्ये, कर्नेलच्या २.६.२९ या आवृत्तीत आली. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी असलेला नूवो हा मुक्त ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली आणि कार्ड यांच्यात संवाद घडवणारा प्रोग्रॅम, २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला, आणि तो प्रामुख्याने कार्डाच्या वर्तनाचा अभ्यास करून स्वयंसेवकांनी घडवलेला आहे. हे काम थोर आहे, पण प्रत्येक लॅपटॉपमधील प्रत्येक जोडणीशी ते पहिल्याच दिवशी जुळेल अशी अपेक्षा करता येत नाही. भाच्याच्या यंत्रात इंटेलची चिप आणि स्वतंत्र ग्राफिक कार्ड असे दोन्ही होते, आणि दोघांमध्ये पडदा कोणी सांभाळायचा हे ठरण्याआधीच गाडी अडत होती. मग पेन ड्राइव्हवरून सर्व नीट कसे दिसले? मी विचारले तेव्हा कळले की यादीतील पहिला पर्याय न निवडता त्याने मित्राच्या सांगण्यावरून "कंपॅटिबिलिटी मोड" निवडला होता. त्या पर्यायात एक सूचना आधीपासून लिहिलेली असते. ताज्या बसवलेल्या प्रणालीला मात्र ती कोणी दिलेली नसते. अनेकांची फसगत नेमकी येथे होते. चाचणी या कंपॅटिबिलिटी मोडमध्ये केली असेल, तर बसवलेली प्रणाली पहिल्या वेळी तीच सूचना हाताने देऊन सुरू करावी लागते.

ती सूचना म्हणजे "नोमोडसेट". ग्रबच्या यादीत मिंटच्या ओळीवर असताना इंग्रजी ई हे अक्षर दाबले की सुरू होण्याचा मजकूर संपादनासाठी उघडतो. त्यात "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधायची, तिच्यातील "क्वाएट स्प्लॅश" या शब्दांनंतर एक जागा सोडून ही सूचना लिहायची आणि एफ १० दाबायचे. ओळ पडद्यात मावत नाही म्हणून तिरपी रेघ येऊन खाली मोडते. ती दुसरी ओळ आहे असे समजू नये. भाच्याने हे सर्व केले आणि पडदा पुन्हा काळा झाला. मी त्याला पुन्हा सुरू करायला लावून लिहिलेले एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सांगितले. "एन, ओ, एम, ओ, डी, एस, ई, टी," त्याने वाचले. मी शब्द मराठीत उच्चारला आणि त्याने तो ऐकला तसा लिहिला. "ड" आणि "से" यांच्या मधला इंग्रजी ई गळून गेला होता. कर्नेलला न कळणारा शब्द दिसला तर तो अडून बसत नाही, शब्द सोडून पुढे जातो, त्यामुळे चूक झाली हे पडद्यावर कळायला मार्ग नसतो. फोनवरून कोणाला मदत करताना हा शब्द अक्षरे सुटी करूनच सांगावा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, मध्ये कुठेही जागा नाही. ते एक अक्षर घातले आणि पडवीतून "आलं, आत्या, आलं" असा आवाज आला.

चित्र आले, पण ते खरे चित्र नव्हते, आणि हा मुद्दा मला विशेष आग्रहाने सांगायचा आहे. नोमोडसेट दिल्यावर गाभा ग्राफिक चिपला हात न लावता फर्मवेअरने मांडून ठेवलेल्या साध्या चौकटीवर काम चालवतो. रिझोल्यूशन वाढत नाही, दुसरा पडदा जोडता येत नाही, आणि खिडक्या रंगवण्याचे सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते. टर्मिनलमध्ये "इन्क्सी" ही आज्ञा मोठ्या जी या पर्यायासह दिली आणि तिथे चित्रकार म्हणून "एलएलव्हीएमपाइप" असे नाव दिसले, तर ग्राफिक चिप रिकामी बसली आहे असे समजावे. काही जण ही सूचना ग्रबच्या फाइलमध्ये कायमची लिहून टाकतात आणि पुढे वर्षभर लिनक्स हळू चालते अशी तक्रार करतात. ही सूचना फक्त योग्य ड्रायव्हर बसेपर्यंतच्या वेळापुरती आहे.

ड्रायव्हर बसवताना दोन अडचणी आल्या. पहिली किरकोळ होती: कमी रिझोल्यूशनमुळे ड्रायव्हर मॅनेजरच्या खिडकीचे खालचे बटण पडद्याबाहेर गेले होते. ऑल्ट दाबून ठेवून खिडकी कुठेही धरून वर ओढता येते. दुसरी अडचण मोठी, आणि ती सिक्युअर बूटची. ही सोय चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर गाभ्यात शिरू दिला जात नाही. म्हणून बसवताना प्रणाली एक पासवर्ड ठरवायला सांगते, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, ज्यावर कोणतीही कळ दाबा असे लिहून दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. त्या वेळात कळ दाबून "एन्रोल मॉक" निवडायचे, होकार द्यायचा आणि तोच पासवर्ड लिहायचा असतो. निळा पडदा पाहून विंडोजचा बिघाड आठवतो, माणूस घाबरतो, दहा सेकंद निघून जातात आणि ड्रायव्हर बसूनही बंदच राहतो. मी भाच्याला आधीच सावध केले होते, त्यामुळे त्याने मोजणी पाचवर असतानाच कळ दाबली. त्यानंतर लॉगिनचा पडदा पूर्ण रिझोल्यूशनमध्ये आला आणि ती सूचना पुन्हा लिहावी लागली नाही.

सगळेच बिघाड ड्रायव्हरचे नसतात. निपाणीत आमच्या नात्यातील एक गृहस्थ मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका तयार करतात. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स बसवल्यावर पत्रिकेवरचा गणपती रुंद दिसू लागला. मोजपट्टी लावून पाहिले तर वर्तुळ आडवे पसरले होते. मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ चा, आणि प्रणाली त्याला १०२४ गुणिले ७६८ चे चित्र पाठवत होती. मॉनिटर स्वतःची मापे एका छोट्या नोंदीत संगणकाला कळवत असतो, आणि व्हीजीए केबलमध्ये हे संभाषण १२ व्या आणि १५ व्या पिनवरून चालते. केबल काढून उजेडात धरली तेव्हा १२ वी पिन मुळापाशी वाकून आडवी झालेली दिसली. रंग आणि चित्र बाकीच्या पिनांवरून व्यवस्थित येत होते, फक्त माप कळत नव्हते. विंडोजमध्ये कोणीतरी पूर्वी रिझोल्यूशन हाताने बसवून ठेवले असल्यामुळे हा दोष झाकला गेला होता. चिमट्याने पिन सरळ केली आणि गणपती मूळ आकारात आला.

पिन तुटलीच असती, तर "सीव्हीटी" या आज्ञेने हवा तो मोड मोजून घेऊन "एक्सरँडर" ने तो जोडण्याचा मार्ग होता. त्यात १३६६ मागितले तर उत्तर १३६८ येते, कारण ही आज्ञा रुंदी आठच्या पटीत मोजते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हा उपाय पडद्यावर चित्र मांडणाऱ्या एक्सऑर्ग या जुन्या व्यवस्थेवर चालतो, वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालत नाही, आणि लॉगआउट केल्यावर पुसला जातो, म्हणून तो सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो. टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर संगणकात शोधण्याआधी टीव्हीच्या मेनूत चित्र जसेच्या तसे दाखवण्याचा पर्याय पाहावा.

विंडोजच्या शेजारी दुसरी प्रणाली बसवणाऱ्यांनी एक काळजी आधीच घ्यावी. काळ्या पडद्याला कंटाळून बरेच जण फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की हाताशी नसेल तर तेथील मजकूर खरोखरच हातचा जातो. ती आधी कागदावर लिहून घ्यावी, अंक दोनदा ताडून पाहावेत, आणि मगच पेन ड्राइव्ह लावावा.

भाच्याच्या लॅपटॉपची गोष्ट त्या रात्री पूर्ण झाली नव्हती. त्याच्या यंत्रात एचडीएमआयचे तोंड थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेले आहे, त्यामुळे ड्रायव्हर नीट नसता तर महाविद्यालयातील प्रोजेक्टरवर त्याला काहीच दाखवता आले नसते. म्हणून सुट्टी संपताच तो आमच्या वडगावच्या घरी आला आणि आम्ही टीव्हीला जोडून त्याचे सादरीकरण एकदा पूर्ण चालवून पाहिले. संक्रांतीच्या आसपास नव्या कर्नेलचे अद्यतन आले आणि त्याचा पडदा पुन्हा काळा झाला. या वेळी त्याने ग्रबमधील "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडून मागच्या आवृत्तीचा कर्नेल निवडला, चित्र आल्यावर ड्रायव्हर नव्या कर्नेलसाठी पुन्हा बसवला, आणि मग मला फोन केला. प्रोजेक्टरची केबल घरून न्यावी की तिथलीच वापरावी, एवढेच त्याला विचारायचे होते.