टेबलाखालची पिशवी

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. या दिवसांत बैठकीला फारशा बायका येत नाहीत. लेकी माहेरी यायच्या असतात, घरात सांजोऱ्या चाललेल्या असतात, आणि जळगावच्या उन्हात दुपारी एसटी पकडून कोण येणार? मी इथल्या एका दवाखान्यात समाजसेविका आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही एकत्र बसवतो. जागा फिजिओथेरपीची खोली, कारण कूलर तिथेच आहे.

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पारोळ्याहून एक सून आली. हातात गोधडीच्या तुकड्यांची शिवलेली पिशवी. म्हणाली, "सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, ही बैठकीत द्या." सासूबाईंना जाऊन बारा दिवस झाले होते.

पिशवीत काय असणार ते मला माहीत होतं. एका बाजूचा स्तन काढला की त्या बाजूचं वजन जातं, खांदा ओढला जातो आणि ब्लाउज वर सरकतो. सिलिकॉनचा खोटा स्तन तयार मिळतो, पण त्याला हजारो रुपये पडतात. या सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, जुन्या सुती लुगड्याचे शिवायच्या. आधी नुसता कापूस भरला. आपल्याकडे कापसाला काय तोटा! पण तो इतका हलका की हात वर केला की गळ्याशी यायचा. मग वजनाला बाजरी घातली. पावसाळ्यात तिला किडे लागले, आणि एका बाईच्या ब्लाउजमधून किडा बाहेर आला तेव्हा ती रडली की हसली हे अजून ठरलेलं नाही. शेवटी मोहरी ठरली. लसीकरणाच्या खोलीतल्या बाळांच्या काट्यावर मावशी एकेक तोलायच्या. पिशवीत सहा निघाले. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: 'डावी २१०', 'उजवी ३४०'.

मी पिशवी टेबलाखाली सरकवली आणि मदतनीस ताईला बजावलं, कोणी विचारलं तर मावशी लेकीकडे सुरतेला गेल्यात म्हणून सांग.

कारण रावेरकडची एक नवी बाई येणार होती. वय अडतीस, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. तिला मीच गळ घातली होती, 'या, बऱ्या झालेल्या बायका बघा'. तिच्यासमोर मरणाची गोष्ट कशी काढायची?

बायका मला नेहमी विचारतात, इथे येऊन आयुष्य वाढतं का? मी हो म्हणत नाही. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायकांचा अभ्यास छापला. दर आठवड्याला गटात बसणाऱ्या बायका सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या होत्या. तेव्हा जगभर त्याचा गाजावाजा झाला. मग कॅनडात २३५ बायकांवर तेच करून पाहिलं, ते २००१ मध्ये छापून आलं, तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन मात्र कमी खचलं, दुखणं कमी जाणवलं. या गटांत बायका मरणाबद्दल उघड बोलत, तो त्या पद्धतीचा गाभाच होता. हे मी परीक्षेत लिहून आलेली बाई. आणि त्या दिवशी माझ्या पायाशी पिशवी, तोंडी सुरत.

नऊ जणी आल्या. रावेरची नवी बाई दाराजवळच्या खुर्चीत, पदर घट्ट लपेटून. मी हाताच्या व्यायामानं सुरुवात केली: भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, काल पोचली त्याच्या वर. अमळनेरच्या काकू भिंतीकडे गेल्याच नाहीत.

"पारोळानी मावशी कोठे शे?"

"सुरतेला गेल्यात. लेकीकडे."

काकूंनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "ताई, सुरत काय इतली दूर शे? फोन लागस तठे." मग बोट दाखवून, "आनि ती पिशवी तिनी शे."

कूलरचा आवाज तेवढा राहिला. सगळ्यांना आधीच कळलं होतं, दोघी तर दारावर जाऊन आल्या होत्या. रडू फुटलं, आणि रडता रडता मला बोलणी बसली. एक म्हणाली, उद्या मी गेले तर मलाही सुरतेलाच पाठवाल का? मुंबईला टाटा हॉस्पिटलात रेल्वेनं जाताना पेशंटला स्लीपरचं भाडं लागत नाही, सोबत्याला पाऊण सूट असते, हे आम्हाला मावशींनी सांगितलं, दवाखान्यानं नाही, हेही ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

दाराजवळून प्रश्न आला, "त्यांचंही ऑपरेशन झालं होतं का?"

मी स्टेज, गाठीचा प्रकार असलं काहीतरी सुरू केलं. काकूंनी मला थांबवलं. "व्हयेल व्हतं. सात वरीस जगनी ती."

नवी बाई उठली, चप्पल घातली आणि गेली. मी मागे धावणार, तर काकू म्हणाल्या, जाऊ द्या, तिची बस चुकेल. त्या रात्री मला झोप नाही. एक पेशंट आपल्या हातानं घालवली असंच वाटत राहिलं.

गुरुवारी ती वॉर्डात होती. खिडकीजवळची कॉट, नवरा खाली औषधं आणायला गेलेला. मी माफी मागायला गेले, तर ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"लेक पाचवीत आहे," ती म्हणाली. "सात वर्षं म्हणजे बारावी होते तिची."

प्रत्येकीचं वेगळं असतं, कुणाचं जास्त, असं मी म्हणायला लागले. "असू द्या," म्हणाली, "घरात कुणी आकडाच सांगत नव्हतं."

टाके काढायला आली तेव्हा काखेतली नळी निघालेली होती, हात मात्र खांद्यापर्यंतच जात होता. पिशवीतला शेवटचा उरलेला माझ्या ड्रॉवरमध्ये होता, 'डावी २८०'. जखम पुरती भरेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, घालायचा नाही, असं बजावून तिच्या हातात दिला. तिनं तो तळहातावर दोनदा झेलला.

"जड आहे," म्हणाली. "थोडी मोहरी काढावी लागेल."

मी तिला लसीकरणाची खोली दाखवली. काटा एकनंतर मोकळा असतो.