टोपण

फाइल दोन दिवस टेबलावर पडून आहे. नावाऐवजी कोड, समुपदेशनाचं सेशन क्रमांक ७, आणि खाली कोरं. बाकीच्यांच्या नोट्स त्याच संध्याकाळी लिहून झाल्या. हिचीच अडली.

परवा ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "हे लिहू नका ना." मी पेनाला टोपण लावलं. टक्. इतका मोठा आवाज होतो त्या टोपणाचा, हे मला माहीतच नव्हतं. तिची पाठ सात सेशनमध्ये पहिल्यांदा खुर्चीला टेकली. मग ती बोलली.

काय बोलली ते इथंही लिहिणार नाही. कुणाच्या जिवाला धोका नाही, कुणा लहान मुलाचा छळ नाही, एवढं पुरे. तसं काही असतं तर पुढची वाट तरी आखलेली असती. अमेरिकेतल्या तारासॉफ खटल्याचा १९७६ चा निकाल शिकताना आम्ही ते घोकलंय: दुसऱ्याच्या जिवावर बेतत असेल तर गोपनीयता तिथं थांबते. इथं तसलं काहीच नाही. नुसतं एक टोपण.

पण ते लावलं कुणासाठी?

पहिल्याच सेशनला मी तिला सगळं सांगितलं होतं. नोट्स ठेवते, कुलपात असतात, तुम्हाला बघाव्याशा वाटल्या तर मागू शकता. तिनं वाचून सही केली होती. मग परवा एका सेकंदात ते सगळं बदललं कुणी? तिनं मागितलं, मी देऊन टाकलं. भीती नक्की कशाची, कागदाची, तो वाचणाऱ्याची की माझी, एवढंही विचारलं नाही. खरं तर तोच प्रश्न त्या सेशनचा होता.

कॅरन किचनर यांचा समुपदेशनातल्या नैतिकतेवरचा १९८४ चा लेख मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. फळ्यावर पाच तत्त्वं लिहिते: स्वायत्तता, अपाय न करणं, भलं करणं, न्याय, शब्दाला जागणं. मुलं तेवढंच उतरवून घेतात. त्याच लेखात विचाराचे दोन थर सांगितलेत, तिकडे कुणी बघत नाही. आधी आतून जे येतं ते, आणि मग त्याची तपासणी. आतून आलेलं बरोबरही असू शकतं, पण तिथंच थांबायचं नसतं. माझा पहिला थर टक् करून मोकळा झाला. दुसरा आता उगवतोय, रात्री साडेअकराला.

बरं, तत्त्वं लावून बघितली तरी एकमेकांच्या झिंज्या ओढतात. स्वायत्तता म्हणते, नको लिहू. शब्दाला जागायचं तर कुठल्या, परवाच्या की पहिल्या दिवशीच्या? लिहिलं आणि उद्या कुणी फाइल मागितली तर? अमेरिकेतल्या जॅफी विरुद्ध रेडमंड खटल्यात तेच झालं होतं. गोळी झाडलेल्या पोलीस अधिकारी बाईंच्या समुपदेशनाच्या नोट्स समोरच्या पक्षानं मागितल्या. द्यायला नकार दिला, तर खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, नोट्समध्ये बाईंच्या विरोधातलंच काही असेल असं धरायला हरकत नाही. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी गोपनीयता राखली, पण तोवर त्या बाईंनी आणि त्यांच्या समुपदेशक बाईंनी काय काढलं असेल! आणि नाहीच लिहिलं, मी अंथरुणाला खिळले, तर पुढची समुपदेशक या कोऱ्या पानावरून काय वाचणार?

दिवसभर सहा जणांचं ऐकायचं आणि आपलं सांगायला कुणी नाही. घरी "कसा गेला दिवस?" ला "ठीक" एवढंच उत्तर. त्यावरून परवा झालंच आमचं. असो. सगळ्यांची गुपितं माझ्याकडे आणि माझं कुणाकडेच नाही, असं मनात म्हणून घेतलं की डोळे जरा भरूनही येतात.

मग माझ्या सुपरवायझर मॅडमना फोन केला. त्यांनी तत्त्वं काढली नाहीत. एवढंच विचारलं, "तुझ्या चारच्या क्लायंटनं हेच म्हटलं असतं, तर लावलं असतंस टोपण?"

चारचा! नसतंच लावलं. त्याला मी नोट्सचं महत्त्व पंधरा मिनिटं शांतपणे समजावलं असतं.

म्हणजे न्याय मी चौथ्या नंबरवर लिहिते आणि फळ्यावरच ठेवून येते. चारचा मला आवडत नाही. हिला मात्र मी आवडावं असं मला वाटत होतं. इतकी वर्षं या खुर्चीत काढून अजून शाबासकी हवी! फोन ठेवल्यावर एकटीच हसले. तरीही, पुन्हा तीच वेळ आली तर हात टोपणाकडे जाणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिची पाठ टेकली होती ना.

नोट लिहिली. अडीच ओळी. "एक बाब नोंदवू नये अशी क्लायंटची विनंती. त्या वेळी चर्चा न करता मान्य केली. पुढच्या सेशनमध्ये कारण विचारणे, काय नोंदवायचे ते तिच्यासोबत ठरवणे." तारखेच्या रकान्यात हात आपोआप परवाची तारीख टाकून मोकळा झाला होता. ती एका रेघेत खोडली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी आजची तारीख आणि सही.