सीपीयू ३० टक्के आणि गेटवर ट्रकांची रांग

फोन शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून होता. "साहेब, दुपारी तीन वाजले की ईआरपी नुसतं गोल फिरायलंय बघा. गेटवर ट्रक तटल्यात." माल ई-वे बिल लागण्याइतक्या किमतीचा, त्यामुळं ते निघाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि बिलाची सगळी माहिती ईआरपीत, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये.

तिथल्या आयटीवाल्या पोरानं नेटवर्कवर खापर फोडून ठेवलं होतं. ते आधी तपासलं. पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर यायचा वेळ, एका मिलिसेकंदाच्या आत. एसएनएमपीनं (नेटवर्कच्या यंत्रांकडून आकडे मागवायची पद्धत) स्विचचे पोर्ट बघितले तर वाहतूक नावापुरती. ईआरपीच्या व्हर्च्युअल सर्व्हरमध्ये (एका खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं बनवलेलं मशीन) टास्क मॅनेजर उघडला, सीपीयू ३० टक्के. म्हणजे कागदावर सगळं छान, आणि शेजारी डिस्पॅचचे मामा एंटर दाबून दाबून वैतागलेले.

व्हर्च्युअल मशीनला आपल्याला रांगेत उभं केलंय हे आतून नीट कळत नाही. ते होस्टवरून, म्हणजे ही सगळी मशीन ज्यावर चालतात त्या खऱ्या सर्व्हरवरून बघावं लागतं. व्हीसेंटर या होस्ट सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सीपीयू रेडी'चा आलेख लावला आणि तीन वाजायची वाट बघत बसलो. रेडी म्हणजे मशीन कामाला तयार आहे, पण होस्टच्या प्रोसेसरचा खरा कोअर मोकळा नाही म्हणून ताटकळलंय तो वेळ. तीनला रेषा उभी चढली: एकेका व्हीसीपीयूला (मशीनला दिलेला आभासी प्रोसेसर) ३,६०० मिलिसेकंद. रिअल-टाइम आलेखातला एक ठिपका २० सेकंदांचा, म्हणजे १८ टक्के वेळ नुसता वाट बघण्यात. पाच टक्क्यांच्या वर गेलं की मी लक्ष ठेवतो, दहाच्या वर गेलं की हात घालतो. (दिवसभराच्या आलेखात ठिपका ५ मिनिटांचा असतो. तिथंही २० सेकंदांनीच भागून घाबरणारे मी पाहिलेत.)

कारण मशीनच्या यादीतच होतं. होस्टला खरे कोअर १६. ईआरपी हळू झालं की प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला व्हीसीपीयू वाढवून दिलेले. ४ चे ८, ८ चे १२. डेटाबेसला ८, बाकीच्यांनाही सढळ हातानं. वर सगळ्या मशीनचं अँटिव्हायरस स्कॅन बरोबर तीनला लावलेलं.

बाराचे ३० टक्के म्हणजे खरं काम चारेक व्हीसीपीयूंचंच. म्हणून ईआरपी ५ वर आणू म्हटल्यावर अकाउंट्सचे साहेब उसळले. "अहो, बारा देऊन रडतंय, आणि तुम्ही कमी करायलाय?" मी म्हटलं, मिसळीच्या हॉटेलात बारा जणांना एकत्र बसायचं असेल तर दोघं-दोघं येणारे पुढं खाऊन जातात. आताच्या हायपरवायझरमध्ये (होस्टचे कोअर मशीनना वाटून देणारं सॉफ्टवेअर) सगळ्यांनी एकदमच बसायची अट बरीच सैल झालीय, पण गर्दीत मोठ्या टोळीचे हाल व्हायचे ते होतातच. साहेबांना पटलं नाही. तरी "रात्री करून बघा, सकाळी परत १२ करायची तयारी ठेवा," एवढी परवानगी मिळाली.

दुसरी पाळी सुटल्यावर मशीन बंद करून ईआरपीला ५ आणि डेटाबेसला ४ केले. स्कॅन पहाटेवर ढकलले, तेही एकेक मशीन वेगळ्या वेळी. रेडी ५ टक्क्यांवर गेला की मेसेज यावा, असा अलार्मही लावला.

दुसऱ्या दिवशी तीनला रेडी दोन टक्क्यांच्या आत राहिला आणि गाड्या वेळेत सुटल्या. साडेतीनला त्या पोराचा फोन, आवाज घाबरलेला: "सर, सीपीयू ७० टक्क्यांवर गेलाय, व्हीसीपीयू वाढवू काय?"