संगणक माझं औषध कधी सांगणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी ओमिक्सच्या डेटावर, म्हणजे पेशीतली जनुकं, प्रथिनं वगैरे हजारोंनी एकदम मोजून आलेल्या आकड्यांवर काम करते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग मला नेमकं लागू पडणारं औषध संगणक कधी सांगणार?'

काही बाबतीत सांगू लागलाय. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात गाठीतली २१ जनुकं तपासून ० ते १०० मधला एक आकडा काढतात. दहा हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या 'टेलरएक्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे ११ ते २५ आकडा आलेल्या बहुतेकींना हार्मोनचा परिणाम रोखणारी औषधं पुरेशी होती. पन्नाशीपुढे तर केमोने जास्तीचा फायदा दिसलाच नाही. कितीतरी जणींची केमो टळली. माझ्या क्षेत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच.

मग सगळीकडे असं का होत नाही? एका नमुन्यात सुमारे २०,००० जनुकं मोजता येतात, पेशंट मात्र पुष्कळदा शे-दोनशेच. रकाने (जनुकं) इतके आणि ओळी (पेशंट) इतक्या कमी असल्या की मॉडेलला, म्हणजे डेटावरून शिकून अंदाज बांधणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, योगायोगानेही काहीतरी जुळणारं सापडतंच. बऱ्या झालेल्यांचे नमुने एका आठवड्यात आणि बाकीच्यांचे दुसऱ्या आठवड्यात मशीनवर चढवले, तर मॉडेल तो आठवडाच ओळखायला शिकतं.

याहून साध्या चुकाही जिवावर बेतू शकतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने जनुकांवरून केमोचं औषध निवडणारं मॉडेल मांडलं होतं. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी डेटा पुन्हा तपासला, तर जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली! काही ठिकाणी 'औषध लागू पडतं' आणि 'पडत नाही' ही लेबलंही उलटी. तोवर या मॉडेलच्या भरवशावर पेशंटवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या २०१० मध्ये थांबल्या. हे वाचलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून कुणी ९५ टक्के अचूकता सांगितली की मी आधी विचारते, दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर तपासलंत का? आणि तपासणीसाठी बाजूला ठेवलेला डेटा जनुकं निवडताना वापरला नव्हता ना? बहुतेक दावे इथेच अडतात.

तुम्हाला डॉक्टरांनी अशी चाचणी सुचवली, तर एवढं जरूर विचारा: निकाल असा आला तर उपचार कोणता, तसा आला तर कोणता? दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर ती चाचणी कशासाठी करायची, हेही विचारा.